कुंभाराचें नाक आणि सुईचें नाक

गेल्या चैत्रांत बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश येथें बहिणीकडे गेलों होतों. गांव गणपतीचें, देवाच्या नाकाविषयीं तेथें कोणाची तक्रार नाहीं. परंतु माझ्या भाचीची स्वतःच्या नाकाविषयीं मोठी तक्रार होती. मध्यें थोडा उंचवटा आणि त्याच्या वर किंचित् खोलगटपणा, एवढाच काय तो दोष. आम्हां घरच्यांना तो कधीं दिसलाहि नव्हता. पण लग्न ठरलेलें, फोटो निघणार. फोनवर तिनें कोठेंसें पाहिलें होतें कीं, आतां नाक कापावें लागत नाहीं. सुईनें औषध भरलें म्हणजे पाव तासांत तें सरळ दिसूं लागतें. जवळच्या शहरांतील एका ब्यूटी पार्लरनें दरहि सांगून ठेवला होता. "मामा, कापाकापी नाहीं, टांके नाहींत, मग भ्यायचं कशाला?" असें तिनें मला विचारलें.

शरीरशास्त्र शिकविण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत, त्यामुळें या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर देणें मला जमलें नाहीं. तिला जें सांगितलें तेंच आज आपणां श्रोत्यांना सांगतों. कारण असा प्रश्न आतां पुष्कळ घरांतून निघतो. मात्र आरंभ सुईपासून न करतां दोनशें तीस वर्षांपूर्वीं पुण्यास तयार झालेल्या एका नाकापासून केला पाहिजे.

इ. स. १७९० ते १७९२ या काळांत इंग्रज, मराठे व निजाम यांचें टिपू सुलतानाशीं युद्ध झालें. त्यांत इंग्रज फौजेचे बैल हांकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. तशाच स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, व पुढें कंपनी सरकारचें पेन्शन खाऊं लागला. इंग्रजी मजकुरांत त्याचें नांव 'कावसजी' असें छापलें आहे. मराठ्या शेतकऱ्याला हें पारशी नांव कसें, हा प्रश्न पडतो. लिहून घेणाराच्या कानाचा तो दोष असावा असें मला वाटतें. नाक कापणें म्हणजे अब्रू घेणें, हा अर्थ आपल्या भाषेंत आतां बोलण्यापुरताच उरला आहे. या माणसाच्या तोंडावर तो वर्षभर उघडा होता.

वर्षभरानें पुण्याजवळच्या एका माणसानें त्याला नवें नाक बसवून दिलें. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता असें तो मजकूर सांगतो; म्हणजे तो कुंभार असावा. ही क्रिया कशी होते, तें मुंबईच्या टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन सर्जनांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. प्रथम मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या थोटकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार करावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्याभोंवतीं रेघ आंखावयाची. मेणाचें काम एवढेंच. रेघेच्या आंतील कातडी कपाळावरून सोडवावयाची. पण दोन डोळ्यांच्या मध्यें एक लहानशी पट्टी न कापतां तशीच राखावयाची. नाकाच्या थोटकाची जुनी वणाची कड खरवडून ताजी केली, तिच्यामागें खांच पाडली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणली आणि तिची कड त्या खांचेंत बसविली. वरून पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या चिंध्यांवर पसरून अशा पांच-सहा चिंध्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरें औषध नाहीं; नंतर तुपांत भिजविलेलीं फडकीं. पांच-सहा दिवस रोग्यास उताणें निजवावयाचें, दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती डोळ्यांमधली पट्टी कापावयाची. कात, तूप, मेण! आपल्या कोणत्याहि जुन्या घरांत हें साहित्य मिळालें असतें.

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें जानेवारी १७९४ मध्यें, म्हणजे नाक बसविल्यावर दहा महिन्यांनीं, त्या गाडीवानाचें चित्र काढलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत सर्व हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जननें प्रेतांवर पुष्कळ सराव केला, १८१४ सालीं एका जिवंत माणसास तसेंच नाक दिलें, आणि १८१६ मध्यें आपल्या दोन रोग्यांविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें. सुश्रुतसंहितेंत नाक सांधण्याची जी रीत आहे तींत माप झाडाच्या पानाचें व कातडी गालाची घेतात; पुण्याच्या कारागिरानें कपाळ घेतलें. युरोपांत ही रीत 'हिंदी पद्धति' म्हणून ओळखली जाऊं लागली.

श्रोतेहो, या हकीकतींतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे न कापतां राखलेली ती पट्टी होय. शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीला शरीरशास्त्रांत रोहिणी म्हणतात. डोळ्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीचा एक बारीक फांटा खोबणींतून निघून भिवईच्या आंतल्या टोकाशीं कपाळावर चढतो. पट्टी शाबूत राहिली कीं हा फांटा शाबूत राहतो आणि नवें नाक जगतें. पट्टी लवकर कापली तर नाक काळें पडून गळून जाईल. आजचे प्लास्टिक सर्जनहि कर्करोगानें नाक गेलेल्या माणसाला याच फांट्याच्या जिवावर कपाळाच्या कातडीचें नाक देतात व सुमारें तीन आठवड्यांनीं पट्टी कापतात. दोनशें वर्षांत भूल आली, टांके सुधारले. पट्टी मात्र तीच राहिली.

आतां सुईकडे वळूं. सुईनें जें भरतात त्याला फिलर म्हणतात. बहुधा तें हायल्युरॉनिक ॲसिड नांवाच्या द्रव्याचें घट्टसर जेली असतें. हें द्रव्य आपल्या कातडींत, सांध्यांत व डोळ्यांत मुळांतच असतें. १९३४ सालीं कार्ल मायर व जॉन पामर यांनीं तें प्रथम वेगळें केलें, तें गाईच्या डोळ्यांतून. उंचवट्याच्या वर आणि खालीं थोडी भर घातली म्हणजे उंचवटा लपतो. बांधाच्या दोन्ही अंगांस माती टाकली तर बांध दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार. नाक यानें लहान होत नाहीं, खरें पाहतां किंचित् वाढतेंच. कांहीं महिन्यांनीं, फार तर वर्ष-दीड वर्षानें, ती भर विरते. शस्त्रक्रियेनंतरची सूज, भुलीचा धोका, दीर्घ विश्रांति हें सारें टळतें, हा लाभ खराच आहे.

सुईनें नाक भरण्याची हौस मात्र नवी नव्हे. व्हिएन्नाचे सर्जन गेर्सुनी यांनीं १८९९ पासून व्हॅसलीनसारखे पदार्थ कातडीखालीं भरण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत पॅराफिन मेणानें बसकीं नाकें उचलण्याची टूम निघाली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली सुंदरी. पुढें ती मार्लबरोची डचेस झाली. ग्रीक पुतळ्यासारखें सरळ नाक हवें म्हणून १९०३ च्या सुमारास तिनें नाकांत मेण भरून घेतलें. तें खालीं उतरून तिचा चेहरा कायमचा बिघडला. पुण्याच्या कारागिरानेंहि मेणच वापरलें होतें. पण तें मापापुरतें, कातडीच्या वर.

आजचें द्रव्य मेणापेक्षां कितीतरी चांगलें आहे. परंतु रोहिण्या त्याच आहेत. कपाळावर चढणाऱ्या त्या फांट्याचें भावंड नाकाच्या दांड्यावर उतरतें, आणि दोघांचा उगम डोळ्याच्याच रोहिणींत. सुईचें टोक चुकून अशा फांट्यांत शिरलें व वरून जोर पडला, तर जेली रक्ताच्या उलट दिशेनें उगमापर्यंत ढकललें जातें, आणि तेथून रक्ताबरोबर डोळ्याच्या पडद्याकडे जातें. मग त्या डोळ्याची दृष्टि तत्काळ जाते, आणि बहुधा परत येत नाहीं. अशा दृष्टिनाशाच्या जगभर नोंदलेल्या ९८ प्रकरणांचा आढावा २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत भरण्याच्या जागांपैकीं पहिली जागा दोन भिवयांमधली, दुसरी नाकाची. एकंदर सुयांच्या मानानें असे अपघात विरळाच. पण ज्याच्या घरीं तो घडतो त्याला हें विरळपण काय कामाचें?

डोळा वांचला तरी नाकाची कातडी मरूं शकते. ती पांढरी पडते, नंतर जांभळट जाळी उमटते, ठणका लागतो. हायल्युरॉनिक ॲसिड विरघळविणारें हायल्युरोनिडेज नांवाचें औषध अशा वेळीं ताबडतोब टोंचलें तर कातडी बहुधा सांवरते. तें ज्या कपाटांत नाहीं, आणि ती पांढरी झांक ओळखणारा डॉक्टर ज्या खोलींत नाहीं, तेथें नाकाला सुई लावूं देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. हें काम शिकलेल्या प्लास्टिक सर्जनचें किंवा त्वचारोगतज्ज्ञाचें आहे. भिवया कोरणाऱ्या हाताचें नव्हे. सिलिकोनसारखीं न विरघळणारीं द्रव्यें तर त्या तज्ज्ञाकडूनहि नाकांत भरून घेऊं नयेत.

हें सारें ऐकून भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनें माझ्यासमोरच पार्लरला फोन लावला. सुईंत काय भरतां, सुई कोण टोंचतो, आणि विरघळविण्याचें औषध जवळ असतें का, असे तीन प्रश्न तिनें विचारले. पहिल्याला उत्तर आलें, "इंपोर्टेड आहे." दुसऱ्याला, "आमच्या मॅडमच करतात." तिसरा प्रश्न पलीकडच्या बाईंना कळलाच नाहीं. भाचीनें फोन ठेवला आणि फोटोवाल्याला कोणत्या बाजूनें उभें राहावें तें विचारण्यासाठीं दुसरा नंबर लावला.