खेळातून ओळख कष्टकऱ्यांची

दोन-तीन वर्षांच्या मुलाला नुसते सांगून फारसे कळत नाही. खेळलेले मात्र कळते. म्हणून पोस्टमन, नर्स, कंडक्टर, सफाई कामगार यांची ओळख घरीच खेळातून करून द्यावी, असे आम्हांस वाटते. त्यासाठी विकतची खेळणी नकोत. पिशवीत जुन्या लग्नपत्रिका घातल्या की पोस्टमन तयार. चार पाट ओळीने मांडले की बस झाली. तिकिटे मोठ्या कागदाची करावीत. नाणी, बटणे देऊ नयेत, मुले ती तोंडात घालतात.

एक पथ्य मात्र पाळावे. झाडू नेहमी मुलीच्याच किंवा धाकट्याच्याच हाती देऊ नये. डॉक्टर आणि सफाई कामगार सर्वांनी आळीपाळीने व्हावे. सफाई कामगार होणाऱ्याच्या हातांत जुने पायमोजे चढवावेत. ते त्याचे हातमोजे. दारी कचरा न्यायला येणाऱ्यांना 'काका', 'मावशी' म्हणायला शिकवावे.

आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांनी हेच काम करून मुले शिकविली. त्याची लाज कशाला? भगवान बुद्धांनी झाडलोट करणाऱ्या सुनीताला भिक्खुसंघात घेतले. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. कष्टाला मान द्यावा. पण कोणतेही काम जन्माने कपाळी येत नाही, हेही मुलाला कळावे. आज हाती झाडू, उद्याच्या डावात स्टेथोस्कोप, एवढे खेळातून उमगले तरी पुष्कळ झाले.