अ‍ॅसिड रेन आणि आपली काळी माती

मागच्या भागानंतर मंगरूळपीरहून एक व्हॉइस नोट आली. ‘दादा, अमेरिकेत अ‍ॅसिड रेननं जंगलं वाळली, झऱ्यातले मासे मेले असं एका व्हिडिओत पाहिलं. आपल्या काटेपूर्णेच्या जंगलात पण असं होऊन राहिलं का?’

प्रश्न भारी आहे. मी वाशिमचाच, शिकलो बीटेक, पोटापाण्याला सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे सुरुवात आकड्यांपासून करतो.

पाणी किती आंबट ते पीएच सांगतो. ७ म्हणजे ना आंबट ना खारं. लिंबाचा रस साधारण २, आणि शेजारच्या लोणार सरोवराचं खारं पाणी १० च्या आसपास. एक गंमत लक्षात ठेवा: पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. स्वच्छ पाऊसही थोडा आंबट असतो, साधारण ५.६, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याच्या खाली गेला की ती आम्लवर्षा.

आम्ल येतं कुठून? कोळशात गंधक असतं. कोळसा जळाला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि हवेत त्याचंच पुढे सल्फ्युरिक आम्ल बनतं. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून नायट्रिक आम्ल येतं. हा धूर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. ब्रिटनच्या उंच चिमण्यांचा धूर नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर उतरला होता.

आता झऱ्यात काय होतं ते बघा. मासा थेट आम्लानेच मरतो असं नाही. मातीत अ‍ॅल्युमिनियम असतं, एरवी ते गप्प बसलेलं असतं. आंबट पाणी मुरलं की ते सुटतं आणि झऱ्यात येतं. माशांच्या कल्ल्यांवर चिकट थर बसतो, श्वास कोंडतो. पाण्याचा पीएच ५ वर आला की बहुतेक माशांची अंडी फुटतच नाहीत. त्याआधीच पाण्यातल्या नाजूक किड्यांच्या अळ्या संपतात, म्हणजे माशांचं जेवणच जातं.

झाडांचं गणित वेगळं. पाइन, स्प्रूस यांची सुईसारखी पानं वर्षानुवर्षं झाडावरच राहतात आणि धुक्यातलं आम्ल झेलत राहतात. त्यात पानातलं कॅल्शियम धुऊन जातं, आणि अमेरिकेतलं लाल स्प्रूस मग थंडीत तग धरत नाही. खाली मातीतलंही कॅल्शियम वाहून जातं. पाऊस झाडाला जाळत नाही, त्याची शिदोरी पळवतो.

मग आपल्याकडे? आपल्याकडे पाइन नाही, साग आहे. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर नवी घेतो. पण खरा फरक जमिनीत आहे. त्या देशांत मातीचा पातळ थर आणि खाली ग्रॅनाइट, म्हणजे कॅल्शियमची टंचाई. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट, त्यावर काळी माती. नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात ना, तेच आपलं औषध! पित्त झालं की आपण अँटासिड घेतो, तसा हा चुना आम्ल मारतो. आपल्या हवेतली धूळही पावसाचा आंबटपणा कमी करते. म्हणून काटेपूर्णा, अडाण, पैनगंगेच्या झऱ्यांत नॉर्वेसारखा प्रकार सहजासहजी घडत नाही.

इथे थांबलो असतो तर भाग गोड झाला असता. पण पाऊस मात्र स्वच्छ नाही. नागपूर, विशाखापट्टणमसह पाच ठिकाणच्या २००१ ते २०१२ मधल्या पावसाच्या नमुन्यांत पीएच ४.७७ ते ५.३२ आढळला. नागपूर आपल्याच विदर्भात आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, आणि आपल्या शेजारी अकोला जिल्ह्यात पारस, ही सगळी कोळशावरची वीज केंद्रं.

चिमणीतून निघणारं गंधक अडवणारं यंत्र असतं, एफजीडी. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली, मग मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीज केंद्रांना या यंत्रातून सूट मिळाली. सरकारी बाजू अशी: भारतीय कोळशात गंधक कमी, खर्च मोठा, विजेचे दर वाढतील. मुद्दे पोकळ नाहीत. पण त्याच सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे अतिबारीक कण होतात, आणि ते श्वासातून आत जातात. काळ्या मातीत चुना आहे मंडळी, आपल्या फुफ्फुसात नाही.

शिवाय शिदोरी एकदा संपली की भरायला वेळ लागतो. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा कडक केला, धूर घटला, तरी मातीतलं कॅल्शियम परतलं नाही. १९९९ मध्ये हबर्ड ब्रूकच्या जंगलात शास्त्रज्ञांना हेलिकॉप्टरने कॅल्शियमची भुकटी टाकून पाहावी लागली!

तर त्या व्हॉइस नोटला माझं उत्तर: झरे आणि साग सध्या मातीच्या भरवशावर आहेत, पण धुराचा हिशेब मातीने मिटवलेला नाही.

करून बघायचं असेल तर प्रयोगशाळेच्या दुकानातून पीएच पट्ट्या आणा. स्वच्छ प्लॅस्टिकचं भांडं उघड्यावर ठेवा, टिनाच्या पन्हाळीखाली नको. पहिल्या सरीचं पाणी तपासा, मग आठवडाभर झड लागल्यावर पुन्हा तपासा. शेजारच्या नाल्याचं पाणीही घ्या. पट्टी ढोबळ आकडा देते, पण पाऊस आणि नाला यांतला फरक दिसला तर समजा, तो मातीने केलाय. गावाचं नाव आणि तारीख लिहून फोटो पाठवा, पुढच्या भागात सगळे आकडे शेजारी शेजारी मांडू. भेटूच!