गुडघा सांधला, मनाचे काय?

गुडघ्यातील लिगामेंट तुटणे ही आता केवळ नामवंत खेळाडूंच्या वाट्याला येणारी आपत्ती राहिलेली नाही. भातकापणी आटोपल्यावर मोकळ्या शेतांत फुटबॉल खेळणारी आमची गावोगावची मुले, कबड्डीपटू, स्कूटरवरून घसरलेला एखादा कारकून, सारेच तिच्या तडाख्यात सापडतात. पुष्कळांवर शस्त्रक्रिया होते. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा तुकडा बसविला जातो. ऑपरेशन यशस्वी झाले, असे डॉक्टर सांगतात आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. खरी परीक्षा तेथून पुढे असते.

मांडीचा पुढील स्नायू या काळात झपाट्याने रोडावतो. पाय हलला नाही एवढेच त्याचे कारण नव्हे. सुजलेल्या सांध्याकडून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवरून धरते. रुग्ण जोर लावू पाहतो. स्नायू हुकूम मानीत नाही. अशा वेळी मनातल्या मनात केलेला सराव उपयोगी पडतो, हे ऐकून कोणी हसेल. परंतु हालचाल प्रत्यक्ष करताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांतील बरेचसे ती बारकाईने कल्पिताना देखील जागे होतात. १९९२ साली यू आणि कोल या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात करंगळीचा प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचा जोर सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. तोच व्यायाम केवळ मनाने करणाऱ्यांचाही सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. करंगळी म्हणजे गुडघा नव्हे, हे खरेच. पण २००१ मध्ये क्युपल आणि ब्रूअर यांनी याच शस्त्रक्रियेच्या तीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांती आणि कल्पनाचित्रण शिकविलेल्यांच्या गुडघ्यात २४ आठवड्यांनी अधिक बळ आढळले. वेदना आणि पुन्हा दुखापत होण्याची धास्तीही कमी होती. २०१२ च्या एका लहान फ्रेंच अभ्यासात स्नायूची जागृती वाढली, वेदना मात्र कमी झाली नाही. तेव्हा हा चमत्कार नव्हे. व्यायामाला लाभणारी जोड आहे.

ती जोड द्यावी कशी? आमच्या घरांतील वृद्ध मंडळी मानसपूजा करतात, तेव्हा एकही उपचार गाळीत नाहीत. गंध उगाळण्यापासून आरतीपर्यंत सारे यथाक्रम चालते. तोच नेम येथे हवा. स्वतःला दुरून पाहावयाचे नाही; आपल्याच देहात राहून मांडी आवळल्याची, टाच रेटल्याची संवेदना अनुभवावयाची, आणि तीही हालचालीच्या खऱ्या वेगाने. आरंभी केवळ गुडघा सरळ करणे, मग पायरी उतरणे, कित्येक महिन्यांनी धावता धावता वळणे. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे पुरेत. पाय मोडल्याचा क्षण मात्र पुनःपुन्हा आठवीत बसू नये.

कारण भीती हाच येथला चिवट रोग. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीनुसार या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम ५५ टक्के खेळाडू स्पर्धात्मक खेळात परतले. सगळ्यांचे गुडघे काही कच्चे राहिले नव्हते.

काणकोण किंवा सत्तरीच्या खेड्यातील मुलाला बस बदलीत वारंवार बांबोळी गाठणे परवडत नाही. दोन भेटींमधले दिवस तो पडवीत बसून काढतो. व्यायाम शिकविताना फिजिओथेरपिस्टने आणखी पाच मिनिटे देऊन हा सराव त्याच्याकडून एकदा करवून घ्यावा, एवढीच आमची मागणी आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. सूज वाढली, ताप आला अथवा पोटरी दुखू लागली, तर मात्र कल्पना बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

आणि एक शब्द क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना. स्पर्धांचे दिवस जवळ आले की 'केव्हा उतरतोस?' हा त्यांचा लकडा सुरू होतो. निदान नऊ महिने तो त्यांनी आवरावा. त्याऐवजी संघाच्या सरावाच्या वेळी त्या मुलाला मैदानाच्या कडेला बोलावून बसवावे. चेंडूचा, पावलांचा तो आवाज त्याच्या कानांत ताजा राहील आणि डोळे मिटल्यावर त्याला खेळही स्पष्ट दिसेल.