परवाना घेऊन मायदेशी

मायदेशातला दौरा हा रॉक बँडला सर्वांत सोपा, असा एक समज आहे. भाषा आपली, श्रोते आपले, गाणी त्यांना तोंडपाठ. सिडनीच्या ‘मिडनाइट ऑइल’चा जुलै १९८६ मधला ऑस्ट्रेलिया दौरा या समजाच्या नेमका उलट निघाला. तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी या भागात १९७६ च्या भूहक्क कायद्याने जी जमीन आदिवासींच्या मालकीची ठरली, तिच्यावर पाऊल टाकायला बाहेरच्याला परवाना लागतो. म्हणजे देशभर गाजलेल्या या बँडला आपल्याच देशात, मालकाची परवानगी काढून शिरायचं होतं. हा दौरा मला अभ्यासावासा वाटला तो यामुळे.

बरोबर होता ‘वारुम्पी बँड’. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या नावाची वस्ती आहे. तिच्याजवळच्या, मधमुंगीच्या पुराणकथेशी जोडलेल्या जागेवरून या बँडला नाव मिळालं. सॅमी आणि गॉर्डन बुचर हे भाऊ पापुन्याचे, गायक जॉर्ज रुराम्बू दूर उत्तरेच्या एल्को बेटावरचा, आणि नील मरे हा व्हिक्टोरियातून आलेला गोरा. १९८३ मध्ये त्यांनी लुरितजा भाषेत तुरुंगातून सुटण्याबद्दलचं गाणं काढलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतली ही पहिली रॉक रेकॉर्ड मानली जाते. दौऱ्याला नावही त्यांच्याच ‘ब्लॅकफेला/व्हाइटफेला’ या गाण्याचं मिळालं. शहरात मिडनाइट ऑइलची तिकिटं खपत, पण वाळवंटात पाहुणे तेच होते. यजमान वारुम्पी.

वाराकुर्ना, किंटोर, पापुन्या, युएंडुमू. मग उत्तरेला अर्नहेम लँड. काहीशे माणसांच्या वस्त्या, लाल मातीचे रस्ते, रात्री उघड्यावर टाकलेल्या वळकट्या. सिडनीच्या दारूगुत्त्यांत घामाघूम गर्दीसमोर वाढलेल्या या बँडला अशा वस्त्यांत गायचं होतं, जिथे दारूला बहुधा बंदीच असे.

यातल्या किंटोरपाशी थोडं थांबायला हवं. पिंटुपी लोक हे पश्चिम वाळवंटातले. शीतयुद्धाच्या काळात वूमेराहून सुटणाऱ्या रॉकेटांचा मार्ग त्यांच्या प्रदेशावरून जात होता. एकीकडे ते कारण आणि दुसरीकडे आदिवासींना ‘आपल्यात मिसळवून घेण्याचं’ सरकारी धोरण. या दोहोंपायी पिंटुपींना उचलून पापुन्यात आणलं गेलं. तिथे वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र कोंबलेली. रोगराईने कित्येक दगावली. १९८१ मध्ये पिंटुपी स्वतःच उठले आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ५०० किलोमीटर पश्चिमेला किंटोरला जाऊन राहिले. पुनर्वसन हा शब्द आपण सरकारने केलेल्या कृतीसाठी वापरतो. इथे विस्थापितांनी तो सरकारच्या हातून काढून घेतला. दौऱ्यात सामील झालेला चार्ली मॅकमहोन हा डिजेरिडू वाजवणारा गोरा कलावंत किंटोरच्या उभारणीत स्वतः राबलेला होता.

आता माझा मुख्य मुद्दा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून की वगळून, ते पहिल्या शब्दातच कळतं. युएंडुमूच्या वार्लपिरी भाषेतही हा भेद आहे. इंग्रजीत नाही. या उणिवेचा फायदाही घेता येतो आणि तिच्यात फसताही येतं.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने उलुरू हा महापाषाण तिथल्या अनंगू लोकांना परत दिला (आणि लगोलग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी परत घेतला!). त्या प्रसंगावरच्या चित्रपटासाठी मिडनाइट ऑइलने ‘द डेड हार्ट’ हे गाणं केलं. दौऱ्याआधीच्या या गाण्यात गोरा पीटर गॅरेट आदिवासींच्या तोंडून बोलतो. त्यातला ‘वुई’ म्हणजे आदिवासींचा ‘आम्ही’. हेतू निर्मळ, मागणीही त्यांच्याकडूनच आलेली. तरी उसना आवाज तो उसनाच. दौऱ्यानंतरच्या, १९८७ च्या ‘डीझेल अँड डस्ट’ या अल्बममधलं ‘बेड्स आर बर्निंग’ ऐका. पिंटुपींच्याच जमिनीचं हे गाणं. इथे आदिवासी ‘ते’ झाले आहेत आणि ‘वुई’मध्ये गोरे उभे आहेत: जमीन ज्यांच्याकडे आहे आणि ती ज्यांनी परत करायची आहे, ते. वरवर पाहता जवळीक कमी झाली. मला तर उलट वाटतं. दुसऱ्याच्या वतीने बोलणं सोडून बँड स्वतःच्या जागेवरून बोलू लागला, आणि ती जागा कर्जदाराची होती. वाळवंटातल्या त्या प्रवासाने या एका सर्वनामाचा अर्थ बदलला, असं मी मानतो.

या गाण्याने ऑस्ट्रेलियात सहावा क्रमांक गाठला. कॅनडात आणि, गंमत पाहा, वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत पहिला. दुसऱ्याच्या देशातलं कर्ज फेडण्याचं गाणं गुणगुणायला काय जातं!

१ ऑक्टोबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकच्या सांगता समारंभात मिडनाइट ऑइल हेच गाणं घेऊन उतरला. काळ्या कपड्यांवर जागोजागी ‘सॉरी’ लिहिलेलं. माफी मागायला नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड प्रेक्षकांत होते. त्याच सोहळ्यात क्रिस्टीन अनूने नील मरेने लिहिलेलं वारुम्पीचं ‘माय आयलंड होम’ गायलं. जॉर्जच्या एल्को बेटाची ओढ सांगणारं. दौऱ्यातल्या दोन्ही बँडांची गाणी जगासमोर आली. वारुम्पी मात्र त्या मंचावर नव्हता. जॉर्ज २००७ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २००८ ला, संसदेत माफी मागितली गेली, तेव्हा गॅरेट मंत्री होता.

१४ ऑक्टोबर २०२३ ला आदिवासींना राज्यघटनेत स्थान आणि संसदेपुढे सल्ला मांडण्याचा हक्क देण्यावर सार्वमत झालं. गॅरेट ‘हो’च्या प्रचारात होता. देशातल्या सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांमधून फिरलेल्या मतपेट्यांत मात्र बहुतेक ठिकाणी ‘हो’च निघालं.