गोठ्याजवळची माती

धाकट्याच्या तोंडात डॉक्टरांनी पिवळं औषध घालायला दिलंय ना, त्याची गोष्ट ऐका. त्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आहे, ती कॅन्डिडा नावाची बुरशी. एरवीही ती आपल्या तोंडात, आतड्यात मुकाट पडून असते. शेजारचे जिवाणू तिला डोकं वर काढू देत नाहीत. पेनिसिलिनसारखी औषधं आली, जिवाणू मेले आणि हिचं फावलं!

तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोघी जणी तिच्या मागे लागल्या. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचेल ब्राउन दूर ऑल्बनीला. हेझनबाई ठिकठिकाणची माती आणून तिच्यातले सूक्ष्म जीव वाढवायच्या. त्यातला एखादा बुरशीला मारतोय असं दिसलं, की बरणीत भरून चक्क टपालानं ऑल्बनीला! ब्राउनबाई त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढून तसाच टपालानं परत धाडायच्या. पण बुरशी मारणारं ते औषध बहुतेकदा उंदरालाही मारायचं. झालं, पुन्हा नवी माती.

एकदा हेझनबाई व्हर्जिनियात ओळखीच्यांच्या शेतावर सुट्टीला गेल्या. तिथेही स्वस्थ बसवेना. गोठ्याजवळची माती उचलून आणली. तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूनं जे दिलं, ते १९५० साली जाहीर झालं. तेच निस्टॅटिन, धाकट्याचं पिवळं औषध.

त्याची करामत बघा. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल. निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. आतले क्षार बाहेर, बुरशी खलास. जिवाणूंत एर्गोस्टेरॉल नाहीच, म्हणून त्यांना धक्का लागत नाही. मात्र सुईनं रक्तात घालायची सोय नाही, तिथे ते विषारी ठरतं. आणि पोटात घेतलं तर रक्तात जवळजवळ उतरतच नाही. तोंड, आतडं, कातडी, जिथे लागेल तिथेच काम. गजकर्णाला तर ते लागूच पडत नाही. त्याची औषधं वेगळी.

अशी औषधं आपल्याकडेही शोधली बरं का! पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी मातीतल्याच एका स्ट्रेप्टोमायसिसकडून हॅमायसिन मिळवलं.

आणि हेझन-ब्राउन या दोघींना निस्टॅटिनच्या स्वामित्वधनाचे एक कोटीवर डॉलर मिळायचे होते. त्यांनी ते सगळे संशोधनाला देऊन टाकले. १९६६ साली इटलीत फ्लॉरेन्सला महापूर आला, भिजलेल्या जुन्या चित्रांवर बुरशी चढू लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्या चित्रांवरही निस्टॅटिनच फवारलं.