तालमीतील व्यायाम आणि स्नायुवृद्धीचे शास्त्र : ग्रामीण युवकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
प्रवरेच्या काठावरील बेलापूर (ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर) यांसारख्या गावांतील युवकांसमोर आज तालीम आणि आधुनिक व्यायामशाळा असे दोन मार्ग आहेत. पिळदार शरीराच्या घाईत काही युवक इंजेक्शनांच्या आहारी जातात. म्हणूनच स्नायू नेमके कशाने वाढतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

तालमीची परंपरा :
दंड, बैठका, जोर, मल्लखांब ही महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेची ओळख होय. याच मातीतून घडलेले कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

स्नायुवृद्धीचे तत्त्व :
स्नायूवर सवयीपेक्षा अधिक ताण पडला की त्यातील तंतू जाड होतात. तंतूंची संख्या मात्र फारशी बदलत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावामुळे असते, त्यामुळे आरशात फरक दिसत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

शंभर बैठका सहज मारणाऱ्याने पाचशे मारल्यास दमसास वाढतो. परंतु मांड्यांचा आकार त्या प्रमाणात वाढत नाही, कारण भार तोच राहतो. जुन्या वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणे, दगडी नाल उचलणे, जड गदा फिरविणे ही भार वाढविण्याचीच साधने होत.

कार्यपद्धती :
१) प्रत्येक स्नायुगटाचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा.
२) ८ ते १२ आवर्तने कशीबशी पूर्ण होतील असा भार घ्यावा व असे ३ ते ४ संच करावेत.
३) सर्व संचांत १२ आवर्तने निर्दोष होऊ लागल्यावर भार २ ते २.५ किलोने वाढवून पुन्हा ८ पासून आरंभ करावा.
४) भार सावकाश खाली आणावा, झटका देऊ नये.
५) त्याच स्नायूस सुमारे ४८ तास विश्रांती द्यावी व पुरेशी झोप घ्यावी.

आहार :
शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. म्हणजे ६० किलोच्या युवकास ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, ४ अंडी, १०० ग्रॅम हरभरे व ५० ग्रॅम सोयावडी यांतून सुमारे ८५ ग्रॅम मिळतात. उर्वरित गरज भाकरी व डाळ भागवितात. महागड्या डब्यांची अपरिहार्यता येथे उरत नाही. ॲनाबॉलिक स्टेरॉइडने स्नायू लवकर फुगतात. तथापि हृदय, यकृत व प्रजननक्षमता यांना त्यापासून गंभीर धोका संभवतो.

निष्कर्ष :
तालीम आणि व्यायामशाळा यांत तत्त्वतः विरोध नाही. क्रमशः वाढणारा भार, पुरेशी प्रथिने आणि विश्रांती ही त्रिसूत्री दोन्हीकडे समानच आहे. गावातील मर्यादित साधनांतही ती पाळता येते, फक्त महिन्यांच्या हिशेबाने संयम ठेवावा लागतो.