बाळूंना चेंडू दिला, संघ दिला नाही

स्कोअरिंगला बसलं की पहिलं काम असतं दोन्ही संघांची नावं वहीत उतरवण्याचं. यष्टिरक्षकाच्या नावापुढे एक खूण, कर्णधाराच्या नावापुढे चांदणी. ही चांदणी कुणाच्या नावापुढे पडते, हे मी बारकाईने बघते. बळी किती घ्यायचे, धावा किती काढायच्या, हे खेळाडू स्वतःच्या हिमतीवर ठरवतो. चांदणी कुणाला द्यायची, हे मात्र समितीतली चार माणसं बसून ठरवतात.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे बाळू पालवणकरांचे आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत चौरंगी सामने व्हायचे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ आणि मैदानावर सारं शहर लोटलेलं. त्या काळातला हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज म्हणजे हे डावखुरे फिरकीपटू. त्यांना कर्णधारपद कधीच मिळालं नाही. कारण ते चांभार समाजात जन्मले होते.

इंग्लंडमध्ये आज फुटबॉलवरून जो वाद चालू आहे, तो वाचताना मला सारखे बाळू आठवतात. प्रीमियर लीगमध्ये दहापैकी चारांहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. मॅनेजरच्या खुर्चीवर मात्र कृष्णवर्णीय माणूस क्वचितच दिसतो. तिकडे मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा, जय-पराजयाची जबाबदारी घेणारा माणूस. इंग्लंडच्या पुरुष राष्ट्रीय संघाला आजवर एकही कृष्णवर्णीय मॅनेजर मिळालेला नाही. २०२० साली रहीम स्टर्लिंग या खेळाडूने उघडपणे चार नावं घेतली : स्टीव्हन जेरार्ड, फ्रँक लँपार्ड, सोल कँपबेल, अ‍ॅशली कोल. चौघेही इंग्लंडकडून खेळलेले, चौघांचीही कारकीर्द मोठी. मग पहिल्या दोघा गोऱ्यांना लगेच मोठे क्लब मिळतात आणि दुसऱ्या दोघा कृष्णवर्णीयांना का मिळत नाहीत, हा त्याचा सवाल होता. कँपबेल इंग्लंडकडून ७३ सामने खेळले होते. त्यांना मॅनेजर म्हणून पहिलं काम मिळालं ते २०१८ साली, चौथ्या श्रेणीत तळाला असलेल्या मॅकल्सफील्डमध्ये. तो संघ त्यांनी त्या मोसमात खाली घसरू दिला नाही.

हा अन्याय आपल्याला परका नाही. आपल्या मुंबईत, आपल्याच माणसांनी तो केलेला आहे.

बाळूंचं घराणं मूळचं कोकणातलं, वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत. बाळूंचं पहिलं काम पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तिथे रोलर ओढायचा, जाळी बांधायची, टेनिसचं कोर्ट आखायचं आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग हे तिथले नामांकित फलंदाज. बाळूंनी त्यांना बाद केलं की ते दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. साहेबांना असे तासन् तास चेंडू टाकून बाळू घडले. पण त्या क्लबात त्यांना फलंदाजी कुणी करू दिली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना घ्यावं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी त्यांना घेतलं. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा पीत, आणि जेवायला त्यांचं पान वेगळं. साताऱ्याच्या युरोपियनांना हरवून संघ परतला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा सत्कार केला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवलंही पाहिजे, असं त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

१८९६च्या प्लेगनंतर बाळू मुंबईत आले. मी दिंडोशीहून आझाद किंवा क्रॉस मैदानावर सामन्याला जाते तेव्हा चर्नी रोड सोडलं की उजव्या हाताला समुद्राच्या बाजूने जिमखान्यांची रांग लागते. त्यातला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना हा बाळूंचा. इथेही त्यांना घेण्यावरून कुरबुर झाली आणि इथेही त्यांच्या गोलंदाजीने ती मिटवली. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंचे आठ बळी होते. ज्यांना राज्यकर्ते मानायचे त्यांना आपल्या पोरांनी हरवलं, म्हणून सगळीकडे आनंद झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरत होता आणि बाळू बळी घेत होते. त्या दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले.

परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं आणि ते थोडक्यात हरले. पण तो फार पुढचा काळ.

इंग्लंडहून आलेल्या या गोलंदाजाला आता तरी कर्णधार करायला हवं होतं. अनुभव त्यांचा, मान त्यांचा, खेळाची जाण त्यांची. १९१३मध्ये समितीने निवडलं एम. डी. पै यांना. पै ब्राह्मण होते आणि चांगले खेळाडू होते. मोठेपणा त्यांचा असा की सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की संघातले ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. ज्याला पद मिळालं त्यालाच ते बोचत होतं. देणाऱ्यांना मात्र काहीच बोचलं नाही.

मग आलं १९२० साल. जानेवारीत आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं, मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि अस्पृश्यता हा देशाचा प्रश्न झाला. त्याच डिसेंबरात चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना संघातून वगळलं. पहिल्या सामन्याला कर्णधार पै आजारी होते. ज्येष्ठतेने आणि कामगिरीने कर्णधारपद बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे यायला हवं होतं. समितीने ते दि. ब. देवधरांना दिलं. देवधर पुढे फार मोठे झाले, त्यांच्या नावाने स्पर्धाही खेळली गेली. दोष त्यांचा नव्हता, निवडणाऱ्यांचा होता.

विठ्ठल आणि शिवराम या दोन्ही भावांनी त्या सामन्यातून अंग काढून घेतलं आणि कारण वर्तमानपत्रातून जाहीर केलं : आम्हाला जातीमुळे डावललं जातं. शंभर वर्षांपूर्वी, चांभार समाजातल्या दोन खेळाडूंनी, संघातली हक्काची जागा सोडून हे छापून आणलं. याला किती धैर्य लागलं असेल, याचा विचार करावा. लोकमत त्यांच्या बाजूने वळलं. अंतिम सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं, आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, ते बाळूंना संघ सांभाळता यावा म्हणून. एवढंच नेतृत्व बाळूंच्या वाट्याला आलं.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं आहे. खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते मिळवून वाचावं.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. भेदभाव करणारा समाज दुसऱ्याच्या अंगातलं कसब लवकर मान्य करतो, कारण त्या कसबाचा त्याला फायदा होतो. पण त्या दुसऱ्याचा हुकूम ऐकायला तो तयार नसतो. बाळूंना चेंडू देणं सोपं होतं. बाळूंनी ब्राह्मण क्षेत्ररक्षकाला 'तू तिथे उभा राहा' म्हणणं समितीला झेपणारं नव्हतं.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच दिसतं. कृष्णवर्णीय खेळाडूचं कौतुक होतं ते वेगाचं, ताकदीचं. डोकं, डावपेच, शांतपणा हे गुण गोऱ्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेले. टोनी कॉलिन्स १९६० साली रॉचडेलचे मॅनेजर झाले, फुटबॉल लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर. १९६२ साली त्यांनी त्या छोट्या संघाला लीग कपच्या अंतिम फेरीत नेलं. तरी त्यांच्यामागून रांग लागली नाही. प्रीमियर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मिळाला १९९६ साली, चेल्सीत, आणि तोही डच : रूड खुलित. पुढच्याच वर्षी चेल्सीने एफए कप जिंकला. कृष्णवर्णीय ब्रिटिश माणसाला प्रीमियर लीगचा संघ मिळायला २००८ उजाडलं. पॉल इन्स ब्लॅकबर्नला आले आणि त्याच डिसेंबरात त्यांना काढलं. अनेक गोरे मॅनेजर एका क्लबातून काढले की दुसऱ्यात लागतात. नेमणूक ओळखीतून होते, मालक आपल्या माहितीतल्या माणसाला फोन करतो. इथे उघड शिवीगाळ लागतच नाही. 'अनुभव कमी आहे' एवढं म्हटलं की पुरतं. संधीच दिली नाही तर अनुभव येणार कुठून?

असं बोलणं मी आमच्या मैदानांवरही ऐकलं आहे. स्कोअररचं टेबल मंडपातच असतं, त्यामुळे समितीतल्या माणसांच्या गप्पा कानावर येतात. आमच्या भागात एकीकडे मृणालताई गोरे यांच्या धडपडीतून उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत, दुसरीकडे संतोष नगर, पलीकडे कुरार, आप्पा पाडा. मुलं सगळीकडून येतात. मैदानावरच्या माळ्याचा एक मुलगा होता. सरळ हाताने चेंडू टाकायचा, फलंदाज बघून क्षेत्ररक्षण हलवायचा, बाकीची पोरं आपसूक त्याचं ऐकायची. कर्णधार ठरवायची वेळ आली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "पोरगा गुणी आहे, पण टीम हँडल नाही करू शकणार." दुसरे म्हणाले, "बक्षीस समारंभात चार शब्द बोलायला तरी नीट यायला हवं." जातीचं नाव कुणी घेतलं नाही. तो मुलगा त्या मोसमात भरपूर बळी घेऊन गेला आणि चांदणी मी दुसऱ्याच नावापुढे काढली.

यावर उपाय आहेत आणि ते जगाने करून पाहिले आहेत. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००३ साली रूनी नियम आला : मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातल्या निदान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असं तेव्हा ठरलं. नेमा असं बंधन नाही, भेटा आणि ऐकून घ्या एवढंच. २०१८मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघांच्या नेमणुकांसाठी हा नियम स्वीकारला. तेवढ्याने खुर्च्या बदलल्या नाहीत. पण तिथे निदान मोजदाद होते, आकडे छापून येतात, आणि क्लबांना उत्तर द्यावं लागतं. आपल्या क्रीडासंस्थांनी प्रशिक्षक, निवड समिती आणि पंच कुठल्या घरांतून येतात, हे मोजायला सुरुवात करावी. जे वहीत लिहिलं जात नाही, त्याचा हिशेब कधीच मागता येत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी शाळेत क्रीडाशिक्षक असेल, कुणी मंडळाच्या स्पर्धेच्या समितीवर असेल. तुम्हाला माझी विनंती आहे. या मोसमात कर्णधार निवडाल तेव्हा निवडीचं कारण कागदावर लिहा आणि ते सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवा. जे कारण मोठ्याने वाचायला जीभ धजत नाही, त्या कारणावरून कुणालाही डावलू नका.